पहिल्या वेलांटीचे चार वर्षांचे स्थलांतर

१/
नोव्हेंबर १९५३ मध्ये लखनौ येथे देवनागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक परिषद भरली. तत्कालीन उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन अध्यक्षस्थानी होते. या परिषदेने अनेक निर्णय घेतले. त्यांपैकी एक असा होता: पहिली वेलांटी यापुढे अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडे द्यावी. दुसऱ्या वेलांटीहून ती वेगळी ओळखू यावी यासाठी तिचा दांडा पूर्ण खाली न आणता मध्येच थांबवावा.

१९५७ मध्ये हा निर्णय फिरवण्यात आला. वेलांटी आपल्या जुन्या जागी, डावीकडे, परत आली. निर्णय विद्वानांचा होता, त्यामागे राज्यसत्तेचे बळ होते आणि तर्कही होता. तरीही वाचकांनी तो पचवला नाही. असे का झाले, याचा हा शोध. हा प्रश्न केवळ जुना नाही. गडचिरोली जिल्ह्यातील अहेरीच्या आसपास तो आजही जिवंत आहे. तेथवर पोहोचण्यासाठी मात्र आधी छापखान्यात शिरावे लागते.

२/
रोमन अक्षरे एका ओळीत, एकापुढे एक बसतात. देवनागरीची ओळ तीन मजली असते. मधल्या मजल्यावर अक्षर, शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार. त्यात जोडाक्षरांची भर. शिशाचे खिळे हाताने जुळवण्याच्या काळात या प्रत्येक रूपासाठी वेगळा खिळा लागे. इंग्रजी जुळाऱ्यासमोरच्या खणांपेक्षा मराठी जुळाऱ्यासमोरचे खण कितीतरी अधिक असत. त्या शेकडो खणांतून नेमका खिळा उचलणे आणि छापून झाल्यावर प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या खणात टाकणे, हे कष्टाचे आणि खर्चाचे काम होते.

३/
यात पहिल्या वेलांटीची गोष्ट आणखी विचित्र. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो, मग ‘इ’. लिहिताना मात्र ‘इ’ची खूण आधी येते. ‘शक्ति’ या जुन्या लेखनात तर वेलांटी क आणि त या दोघांनाही ओलांडून पुढे जाऊन बसते. उच्चाराचा क्रम एक, चिन्हांचा क्रम दुसरा.

हाताला याची अडचण कधीच वाटली नाही. यंत्राला वाटली. १९३० च्या दशकात हरि गोविल यांनी अमेरिकेत लायनोटाइप यंत्रासाठी देवनागरी बसवली, तेव्हा सगळी लिपी ९० कळांच्या पाटीवर कोंबायची होती. टंकलेखन यंत्रावर तर त्याहूनही कमी जागा. म्हणून ‘यंत्र बदलता येत नसेल तर लिपी बदलावी’ हा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक थोर माणसांना पटला.

४/
मराठीला हा विचार नवा नव्हता. छापखान्यासाठी तिने एकदा आपली लिपीच बदलली होती.

शतकानुशतके मराठीच्या दोन लिपी होत्या. पोथी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. हिशेब, पत्रव्यवहार, सनदा आणि दफ्तर मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानावर आडवी रेघ ओढी आणि मग लेखणी फारशी न उचलता तिच्याखाली अक्षरे लटकवत जाई. इकार-उकारांतील ऱ्हस्व-दीर्घाचा काच तिला नव्हता. वेगाने लिहिणाऱ्या कारकुनासाठी ती घडली होती. मोडीचे वळण खिळ्यांत उतरवणे कठीण होते, पण अशक्य नव्हते. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण देवनागरीत छापले, तरी १८१० च्या कोशातील मराठी शब्द त्यांनी मोडी खिळ्यांनीच छापले.

५/
पुढे मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोध निवडली. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना असे सुबक वळण दिले की मुद्रित मराठी म्हणजे बाळबोध हे समीकरण पक्के झाले. १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारातही मोडीऐवजी बाळबोध पुढे आणली. शाळांतून मोडी आणखी काही दशके शिकवली गेली. वडीलधारी माणसे घरची पत्रे आणि जमाखर्च मोडीतच लिहीत राहिली. स्वातंत्र्यानंतर तीही परंपरा आटली.

हा बदल यशस्वी ठरला. एक भाषा, एक लिपी, स्वस्त पुस्तके आणि साक्षरतेचा सोपा मार्ग, हे त्याचे लाभ खरे होते. त्याची किंमत मात्र पुढच्या पिढ्यांनी मोजली.

६/
पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर कापडी रुमालांत बांधलेले आहे. त्यातील कागद मराठीत आहेत आणि बहुसंख्य मराठी माणसांना ते वाचता येत नाहीत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत या दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. तो या साठ्याचा लहानसा अंश होय.

ही अडचण केवळ इतिहासकारांची नाही. जुने जमिनीचे दस्त, वाटणीपत्रे आणि गावच्या नोंदी मोडीत आहेत. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचू शकणाऱ्या जाणकारांची एकदम निकड भासली. पणजोबांच्या हातचा कागद नातवंडांना परक्याकडून वाचून घ्यावा लागतो, तेव्हा लिपीबदलाचा खरा खर्च कळतो. मोडी वापरणाऱ्यांचा विरोध सभांतून फारसा गाजला नाही. ते मोडीत लिहीत राहिले आणि त्यांच्याबरोबर लिपीही गेली.

७/
बाळबोध स्थिरावल्यावर सुधारकांची नजर तिच्याच रूपाकडे वळली. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते. १९०५ मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या व्यासपीठावरून त्यांनी सर्व भारतासाठी एका लिपीचा पुरस्कार केला.

विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तेथून त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. तिचा गाभा ‘अ’ची बाराखडी हा होता. ‘ओ’ आणि ‘औ’ ही अक्षरे ‘अ’च्या अंगावरच मात्रा चढवून होतात. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना स्वतंत्र आकार कशाला? अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे. मुलाचे श्रम वाचतील, छापखान्याचे खिळे वाचतील. शेजारच्या गुजरातीत ‘ए’ आणि ‘ऐ’ याच रीतीने ‘अ’वरून घडतात, हे उदाहरणही हाताशी होते.

८/
तर्काला खोट काढणे अवघड होते. शंकरराव किर्लोस्करांच्या ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ यांसारख्या मासिकांनी ही लेखनपद्धती काही वर्षे प्रत्यक्ष वापरली. ‘अेक’, ‘अितर’, ‘अुद्योग’ असे शब्द हजारो घरांत पोहोचले.

विदर्भातही हीच दिशा दिसली. १९३५ मध्ये इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनात गांधीजी अध्यक्ष असताना लिपिसुधारणेचे काम काका कालेलकरांकडे सोपवण्यात आले. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या आणि अहमदाबादच्या नवजीवन मुद्रणालयाच्या हिंदी प्रकाशनांत ‘अिस’ आणि ‘अुस’ दिसू लागले. एकमेकांशी राजकीय मतभेद असलेल्या दोन गोटांचे या एका बाबतीत एकमत होते, ही त्या काळातील लक्षणीय गोष्ट. तरीही वाचकांनी ‘अि’ला घरात घेतले नाही. मुले शाळेत ‘इ’ शिकत आणि मासिकात ‘अि’ पाहत. पुढे आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जी उत्तर प्रदेश सरकारने १९४७ मध्ये नेमली होती, ‘अ’ची बाराखडी अमान्य केली. वेलांटी उजवीकडे नेण्याच्या कल्पनेला मात्र तिने हात दिला आणि तीच लखनौला मंजूर झाली.

९/
आता वाचकांच्या प्रतिक्रियेकडे वळता येईल. तिला ‘सवयीची गुलामी’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. सवय होतीच, पण त्या नकारात अनुभवही होता.

‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे दुबळा. ‘शिर’ म्हणजे डोके, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. जुन्या मांडणीत दोन वेलांट्या अक्षराच्या दोन बाजूंना असल्याने डोळा क्षणात भेद ओळखतो. नव्या मांडणीत दोन्ही एकाच बाजूला आल्या आणि भेद उरला तो दांड्याच्या लांबीचा. छापील पानावर तो कसाबसा टिकेल. घाईत लिहिणाऱ्या हाताखाली आखूड दांडा सहज लांबतो आणि ‘दिन’चा ‘दीन’ होतो. यंत्राची एक अडचण सुटली, पण वाचणाऱ्यापुढे नवी उभी राहिली. शिवाय अनुभवी वाचक अक्षरे सुटी सुटी जुळवत नाही. शब्दाचा आकारच ओळखतो. वेलांटी हलली की हजारो शब्दांचे चेहरे बदलतात.

१०/
याच सुधारणांच्या ओघात आलेले काही बदल मात्र टिकले. ते आज कोणाला बदल म्हणून आठवतही नाहीत.

जुन्या वळणात ‘ख’ हे अक्षर ‘र’ आणि ‘व’ शेजारी लिहिल्यासारखे दिसे. ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत गोंधळ होई. ‘ख’चे दोन भाग खाली जोडले आणि तो प्रश्न मिटला. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत टाळण्यासाठी ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या माथ्यावर गाठीचे वळण पक्के झाले. या बदलांविरुद्ध मोहीम उभी राहिली नाही. वाचणाऱ्याला रोज टोचणारा काटा त्यांनी काढला होता.

येथे निकष स्पष्ट होतो. वेलांटीचे स्थलांतर छापणाऱ्याच्या सोयीसाठी होते, ‘ख’ची जोडणी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. लोकांनी पहिले परतवले, दुसरे आपलेसे केले.

११/
मराठी लेखनाच्या इतिहासात याला आणखी एक साक्ष आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या पुढाकाराने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. या नियमांनी उच्चारात नसलेले आणि केवळ व्युत्पत्तीच्या स्मरणार्थ दिले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, ‘नाहीं’चे ‘नाही’. ‘कवि’ आणि ‘गुरु’ यांची अंत्य अक्षरे दीर्घ होऊन ‘कवी’ आणि ‘गुरू’ झाली.

पानाचे रूप यानेही बदलले. जुन्या पिढीतील अनेकांना टिंबांविना मराठी उघडीबोडकी वाटली आणि काहींनी आपले लेखन शेवटपर्यंत जुन्याच रीतीने केले. पण या नियमांमुळे शिकणाऱ्याचे ओझे हलके झाले, आणि जुने पुस्तक वाचताही येत राहिले. ‘कांहीं’ पाहून आजचा वाचक अडखळत नाही. जुन्याकडे जाणारी वाट बुजत नसेल तर बदल पचतो.

१२/
लिपीच्या मांडणीत कोणाचे वळण प्रमाण मानायचे, हा प्रश्नही येतो. देवनागरी ही मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी अशा अनेक भाषांची सामाईक वास्तू आहे. ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ यांची उत्तरेकडील जुनी रूपे मागे पडली आणि मुंबईच्या छापखान्यांचे वळण हिंदीनेही स्वीकारले. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत उलटे घडले. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ मध्ये मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली. पुढे संगणकाच्या टंकांतून हिंदी वळणाची ही दोन अक्षरे मराठी पानांवर सर्रास आली.

६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे ठरवून दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये या निर्णयाची अद्ययावत आवृत्ती निघाली. तरीही मराठी वाचकाच्या पडद्यावर कोणता ‘ल’ उमटतो, ते त्या उपकरणात बसवलेल्या टंकावर ठरते. जुळाऱ्याची जागा आता टंक आखणाऱ्याने घेतली आहे.

१३/
आणि वेलांटीचे पुढे काय झाले? संगणकाने हा वाद चमत्कारिक रीतीने मिटवला.

इन्स्क्रिप्ट या प्रमाण कळपाटीवर ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ची कळ दाबतात, मग वेलांटीची. युनिकोडमध्येही साठवण त्याच क्रमाने होते: आधी ‘क’, मागून वेलांटी. पडद्यावर दाखवताना यंत्र ती उचलून डावीकडे ठेवते. म्हणजे १९५३ च्या सुधारकांना हवा असलेला उच्चाराचा क्रम आज प्रत्येक फोनच्या पोटात आहे आणि वाचकाला हवी असलेली मांडणी त्याच फोनच्या पडद्यावर आहे. ज्या अडचणीसाठी कोट्यवधी माणसांना आपला डोळा बदलायला सांगितले जात होते, ती अडचण त्या पिढीच्या यंत्राची होती. यंत्र बदलले आणि ती संपली.

‘अ’च्या बाराखडीलाही एक कोपरा मिळाला. ‘ॲप’, ‘ॲड’ लिहिताना मराठी माणूस ‘अ’वरच चंद्र काढतो. या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तोवर अनेकांना ‘ऍ’वर भागवावे लागे. अख्खी बाराखडी नाकारणाऱ्या वाचकांनी गरजेपुरता तिचाच तर्क वापरला.

१४/
हा सगळा अनुभव आता अहेरीकडे नेता येतो.

लखनौची परिषद भरली तेव्हा अहेरी चांदा जिल्ह्यात होती आणि चांदा जिल्हा तत्कालीन मध्य प्रदेशात. त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि राजभाषा हिंदी व मराठी या दोन. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला.

प्राणहितेच्या काठच्या या प्रदेशात नदीपलीकडे तेलुगू लिपीचे राज्य सुरू होते आणि सिरोंच्याकडे तेलुगू घराघरांत बोलली जाते. मुलचेऱ्याच्या बाजूला पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत; त्यांनी बंगाली सोबत आणली. कारभार आणि शाळा मराठीत. आणि या सर्वांच्या आधीपासून जंगलात बोलल्या जाणाऱ्या गोंडी आणि माडिया.

१५/
२०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत. ते अनेक राज्यांत विखुरले आहेत आणि शेजारच्या लिपीत आपली भाषा लिहितात. महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत. एकाच भाषेतील दोन गावांची पत्रे परस्परांना वाचता येऊ नयेत, अशी ही स्थिती आहे.

गोंडीला स्वतःच्या लिपीही आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी घडवली. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या गुंजाला गावी दुसऱ्या एका लिपीतील हस्तलिखिते प्रकाशात आली. मसराम गोंडी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये. यंत्राची सबब येथे उरलेली नाही. मोडीसाठीसुद्धा युनिकोडचे दार २०१४ मध्ये उघडले, पण तोवर तिचे वाचक गेले होते. गोंडीच्या वाट्याला ही दिरंगाई आलेली नाही. तिचे बोलणारे आज हयात आहेत.

१६/
म्हणून अहेरीच्या परिसरातील प्रश्न लखनौच्या प्रश्नाहून गंभीर आहे. देवनागरी घेतली तर मूल शाळेतल्या मराठीशी सहज जोडले जाते, पण नदीपलीकडच्या आप्ताचे लेखन दूर राहते. स्वतंत्र लिपी घेतली तर भाषेला स्वतःचा चेहरा मिळतो आणि राज्यांच्या सीमा ओलांडता येतात, पण शिक्षक, पुस्तके आणि फलक पुन्हा पहिल्यापासून उभे करावे लागतात. दोन्ही बाजूंना वजन आहे.

निर्णय कोणताही होवो, आधीच्या शतकाने काही कसोट्या मागे ठेवल्या आहेत. बदल कोणाची अडचण दूर करतो: छापणाऱ्याची, कारभाऱ्याची की वाचणाऱ्याची? ती अडचण कायमची आहे की चालू यंत्रापुरती? बदलानंतर आजवर लिहिलेले पुढच्या पिढीला वाचता येईल का? आणि ज्यांना ती लिपी रोज वापरायची आहे, त्यांना कोणी विचारले का?

१७/
वेलांटीच्या बाबतीत लोकांना आधी विचारले गेले नव्हते, पण त्यांचा नकार वेळेत ऐकला गेला आणि चार वर्षांत चूक दुरुस्त झाली. नुकसान झाले ते काही पाठ्यपुस्तकांचे. मोडीच्या बाबतीत कोणाचे ऐकायचे राहून गेले, ते कळायला अर्धे शतक लागले. तोवर रुमालांच्या गाठी सोडणारे हात होते, आतले वाचणारे डोळे विरळ झाले होते.

लिपी ही भाषेची सामाईक पायवाट आहे. ती सरळ करावी, रुंद करावी, काटे काढावेत. फक्त नवी वाट आखताना जुन्या वाटेवरून कोण येत आहे, हे पाहून घ्यावे. अहेरीच्या जंगलात ते चालणारे अजून वाटेवर आहेत.